तळहातावरचा चेहरा

चन्नप्पा तळहातावरच्या लिंगात स्वतःचं नाक बघत होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्याला बेलाची पानं द्यायला त्याच्या पाठीमागं वाकलो होतो. ती पानं मी नंतर कुठं ठेवली ते मला आजतागायत आठवत नाही. सकाळची वेळ, जिनिंग कारखान्याचा भोंगा नुकताच होऊन गेलेला, खिडकीतून उन्हाची तिरीप चटईवर आलेली. आमच्या लिंगायत घरात सगळेच गळ्यातलं लिंग रोज सकाळी बाहेर काढून डाव्या तळहातावर घेतात, पाणी, विभूती, बेल वाहतात आणि मग थोडा वेळ त्याच्याकडं एकटक बघत बसतात. काळा, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडा मोठा घाट. त्यावर उजेडाचा एक ठिपका चमकतो आणि नजर त्या ठिपक्यावर ठेवायची असते. चन्नप्पाची नजर ठिपक्यावर नव्हती. त्यानं हनुवटी वर केली, मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, जशी माणसं न्हाव्याच्या आरशापुढं वळवतात. मग उजव्या हाताचं बोट नाकपुडीवर ठेवून दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आणि पुन्हा तळहातात वाकून बघितलं. गेल्या दोन महिन्यांत त्याची पूजा पंधरा मिनिटांवरून तासावर गेली होती, आणि मला, त्याच्या बापाला, त्याचा अभिमान वाटत आला होता. मठातल्या स्वामींना मी तसं सांगितलंही होतं. त्याची आई भागम्मा तर मला टोमणे मारायची, "जलमभर पोथ्या वाचून तुमाला जे जमलं न्हाई ते पोराला जमलंय बगा. कसं ध्यान लागायलंय!" मी तिथं उभाच राहिलो. भिंतीवरचा आरसा काढून कापसाच्या पोत्याखाली मीच लपवला होता. मुलगा आरशापासून सुटला, देवाला लागला, असं मी समजत होतो.

आरसा लपवला त्याला कारण होतं. मागल्या उन्हाळ्यात चन्नप्पाच्या दंडावर एक फिकट डाग उठला. तो मोंढ्यात, म्हणजे आडत बाजारात, एका कापूसवाल्याकडं मुनीम आहे, दिवसभर घामात बसावं लागतं, आणि घामानं असे डाग कुणालाही येतात. पण त्याच्या थोडं आधी स्टेशनबाहेर त्यानं एका माणसाला भाकरी दिली होती. त्या माणसाची बोटं महारोगानं आखूड झालेली होती, भाकरी घेताना ती बोटं याच्या बोटांना लागली, आणि तो माणूस हसून याला "भलं होऊ दे, मालक" म्हणाला. एवढंच. घरी आल्यावर चन्नप्पानं राखेनं हात घासले. डाग उठला त्या दिवशी त्यानं जेवण सोडलं. मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी डागावर कापूस फिरवला, टाचणी टोचली, डोळे मिटायला लावून पुन्हा टोचली, आणि म्हणाले, "कुछ नहीं जी, पसीने के दागाँ हैं. मलहम लगाव, जाव." मलमानं महिन्याभरात डाग गेला. भीती मात्र राहिली. ती दंडावरून वर चढली. त्या आजारात नाक आधी सुजतं, मग बसतं, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात, असं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. मग तो रोज सकाळी पंच्यावर गळलेले भुवईचे केस शोधायचा. कानाची पाळी दोन बोटांत धरून बसायचा. आणि मला विचारायचा. "अप्पा, बघा बरं. नाक जाड झालंय का?" मी बघायचो आणि म्हणायचो, "न्हाई रे, हाय तसंच हाय." त्याचा चेहरा उजळायचा. तो अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत जायचा, आणि तिथून परत यायचा. "नीट बघितलाव का? उजेडात बघा."

यावर मी जे केलं ते फक्त मीच करू शकलो असतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मी पस्तीस वर्षं इथल्या अदालतीत नक्कलनवीस होतो. दस्त समोर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल करायची. मग एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं. एकही अक्षर कमीजास्त नसेल तर खाली लिहायचं, नक्कल मुताबिक अस्सल, म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम. याखेरीज मला दुसरं काही येत नाही. दुसऱ्यांच्या फिर्यादी, दुसऱ्यांची वाटणीपत्रं, दुसऱ्यांच्या कबुल्या मी सुबक अक्षरात उतरवल्या. माझ्या स्वतःच्या मनातलं एक वाक्य चारचौघांत बोलायचं तर माझी जीभ जड होते. तर मला वाटलं, पोराला पुरावा दाखवला की तो शांत होईल. एका संध्याकाळी त्याला भिंतीजवळ बसवलं, बाजूला कंदील ठेवला, भिंतीवर कागद डकवला आणि त्याच्या डोक्याची सावली पेन्सिलीनं गिरवली. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. खाली तारीख घातली. म्हटलं, दर सोमवारी सावली या रेषेवर बसवून बघू. नाक वाढलं तर रेषेबाहेर येईल, नाही वाढलं तर येणार नाही. चन्नप्पाला ते इतकं पटलं की त्या आठवड्यात त्यानं मला एकदाही विचारलं नाही. मी खुशीत होतो. पुढच्या सोमवारी कंदील कुणीतरी वीतभर पुढं सरकवलेला होता. सावली रेषेच्या बाहेर गेली. नाकाचा शेंडा बोटभर पुढं आला. मी समजावलं, कंदील हलवून दाखवला, पुस्तकातली आकृती काढून दाखवली. तो त्या रेषेकडंच बघत राहिला. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी आरसा पोत्याखाली घातला.

हे सगळं मी त्या सकाळी त्याच्या पाठीशी उभा राहून पुन्हा एकदा आठवलं. त्यानंच ते थांबवलं. "काय झालं अप्पा?" "काही न्हाई. चालू दे तुझं." मी माझ्या चटईवर येऊन बसलो आणि माझं लिंग तळहातावर घेतलं. मी तरी कधी बघितलं होतं त्यात? जन्मभर ठिपक्याकडं बघितलं; ठिपक्याच्या खाली काय आहे ते पाहिलं नव्हतं. होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं एक तोंड होतं, आणि त्या तोंडाला वांग्यासारखं नाक होतं. मी मान हलवली, वांगं हललं. घाट फुगीर आहे, मधोमध जे येईल ते फुगून दिसणारच. माझं नाक, चन्नप्पाचं नाक, स्वामींचं नाक, कुणाचंही. मला हसू आलं आणि त्याहून जास्त आनंद झाला. पुरावा सापडला होता. मी उठलोच होतो त्याला सांगायला, की बघ, इथं सगळ्यांचंच नाक सुजतं. पण दोन पावलांवर थांबलो. हाही कंदीलच होता. मी सांगेन, त्याला पटेल, तो स्वयंपाकघरापर्यंत जाईल आणि परत येईल. मग उद्या तांब्यात बघेल, परवा विहिरीत. मी कुठंकुठं पाणी झाकत फिरणार होतो? आणि मला दिसलं, अगदी नकलेतली चूक दिसावी तसं स्वच्छ दिसलं, की विचारतो तो, पण त्याला पुन्हा विचारायला परत आणतं ते माझं उत्तर. एरवी मी कुठल्याच गोष्टीबद्दल ठाम नसतो. बाजारात पालक घ्यावा की मेथी यावर मी उभ्या जागी घाम पुसतो. पण त्या सकाळी मला खात्री वाटली, आणि ती खात्री पुढं ढळली नाही. याचं मलाच नवल वाटतं.

वेळही थोडा होता. चन्नप्पाची बायको महानंदा बाळंतपणाला मानवतला माहेरी गेली होती; तिला पोचवायलाही तो गेला नव्हता. ती गेली तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं होतं; तिच्यापासून तो तीन महिने लांबच झोपत होता, आणि का ते तिला सांगत नव्हता. आता मुलगा झाल्याचं पत्र आलं होतं. तेराव्या दिवशी नाव ठेवायचं, आणि त्याच वेळी बापाच्या मांडीवर घेऊन बाळाला लिंग बांधायचं. खाली व्याह्यांनी आपल्या हातानं एक ओळ घातली होती: जावईबापू या वेळीही आले नाहीत तर आम्ही काय समजायचं ते तुम्हीच लिहून कळवा. ते पत्र चन्नप्पानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "तुमी अन् अव्वा जाऊन या. मांडीवर तुमीच घ्या." "अन् तू?" "मी कशाला हात लावू त्याला? सांगा न. कोवळं लेकरू हाय." तेराव्याला चार दिवस होते.

त्या दुपारी त्यानं मोंढ्यातून आल्याआल्या विचारलं. डोकीवरची टोपीही काढली नव्हती. "अप्पा, बघा बरं, पाळी." मी पुस्तक मिटलं. "न्हाई बघणार." तो थांबला. "म्हंजे जाड झाल्याय." "मला माहीत न्हाई." "बघितल्याबिगर कसं माहीत असंल? बघा की!" "बघणार न्हाई चन्ना. आजपासून बंद." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या ताटातली भाकर काढून घेतली होती. स्वयंपाकघरातून भागम्मा बाहेर आली, हाताला पीठ. "अवो, सांगा की पोराला न्हाई म्हून! तुमच्या जिभंला काय झालंय?" मी तिला हातानं थांबवलं. मी तिला हातानं थांबवल्याची लग्नानंतरची ती बहुधा पहिलीच वेळ, त्यामुळं ती थांबली. चन्नप्पा मागच्या अंगणात गेला आणि लिंबाखाली बाजेवर तोंड फिरवून पडला. मला त्याच्यामागं धावत जाऊन सांगावंसं वाटलं, की अरे बाबा, तुझं नाक सरळ आहे, तुझ्या आजोबांसारखं आहे, या गल्लीत असं नाक नाही. ते खरंही होतं. मी ते गिळलं. गिळायला फार जड गेलं.

थोड्या वेळानं मी गेलो आणि बाजेच्या कडेला बसलो. मला बोलायला सुचत नाही हे तिथं उपयोगाला आलं. तो भिंतीकडं बघतच म्हणाला, "तुमाला काय कळतंय अप्पा? तुमाला कधी असं झालंच न्हाई." मग मी त्याला ते सांगितलं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. सात वर्षांचा असताना देवी निघाल्या, दोन गावं ओस पडली त्या साथीत मी वाचलो, आणि वाचल्याचं कौतुक सोडून मी वणांची लाज घेऊन बसलो. अदालतीत मला पेशकार व्हायची संधी आली होती. पेशकाराला इजलासात, भर कोर्टात, साहेबांशेजारी उभं राहावं लागतं, सगळे बघतात. मी अर्ज केला नाही. नकलांच्या खोलीत सगळे मान खाली घालून बसतात, तिथं मी पस्तीस वर्षं मान खाली घालून काढली. जाताना बाजारातून सरळ रस्ता होता, मी तळ्याकडच्या गल्लीनं वळसा घालून जायचो. "पस्तीस वर्षं?" चन्नप्पा आता माझ्याकडं वळला होता. "पस्तीस. पावसाळ्यात त्या गल्लीत गुडघाभर चिखल असायचा." तो माझ्या तोंडाकडं बघत होता, जणू ते वण त्याला आत्ताच दिसत होते, लहानपणापासून बघितलेल्या गोष्टी दिसत नाहीत. भागम्मा मागं येऊन उभी होती हे मला कळलं नव्हतं. "वणांपायी?" ती म्हणाली. "मला वाटायचं, सायबाच्या घरावरनं जाता, सलाम घालायला." आणि मग, चाळीस वर्षांनी मी तिला विचारलं, की लग्नात तुला काय वाटलं होतं माझ्या तोंडाचं. ती जरा आठवत राहिली. "तोंडाचं? तुमी वर बघितलंच कुठं? ह्यो माणूस वर बघंना म्हून मला वाटलं लय गर्वाचा हाय. आठ दिस रडले मी." चन्नप्पा हसला. आवाज न करता, पण बाज हलली.

हसला म्हणून बरा झाला असं काही झालं नाही. संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी तर उठल्यापासून. मी एकच उत्तर देत राहिलो, आणि उत्तर दिल्यावर उठून न जाता तिथंच बसून राहत होतो. तो चिडला, एकदा रडला, एकदा म्हणाला, "बाप हाव का सावकार?" भागम्मा दोन वेळा फितूर होऊन त्याला हळूच "न्हाई" म्हणाली, तिला मी चुलीपाशी पकडलं. आणि आरसा मी काढून पुन्हा भिंतीवर लावला. तो दिवसभर त्याच्यापुढं उभा राहील अशी मला भीती होती. तो राहिलाही. पण आरशानं नुसतं दाखवलं, उत्तर दिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची पूजा पाऊण तासात उरकली. मी घड्याळाकडं बघितलं आणि लगेच स्वतःवर रागावलो. आता मीही मोजायला लागलो होतो.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी म्हणालो, "सकाळच्या गाडीनं निघायचं." तो म्हणाला, "भीती कमी झाली की येतो न अप्पा. पुढल्या महिन्यात." मी म्हणालो, "भीती गेल्यावर जायचं ठरवलास तर लेकराच्या लग्नाला पोचशील. भ्यालेलाच चल. मी बी भ्यालोय. तिथं पन्नास माणूस असंल, सगळ्यांशी बोलावं लागंल." ते मी विनोद म्हणून बोललो नव्हतो, पण भागम्मा पदर तोंडाला लावून हसली आणि तिनं फडक्यात धपाटे बांधायला घेतले. चन्नप्पानं हो म्हटलं नाही. सकाळी मी जोडा घालून दारात उभा राहिलो, तेव्हा तो टोपी घालून आतून आला.

गाडीत गर्दी नव्हती. भागम्मा धपाट्यांचं फडकं घेऊन कडेला बसली. समोरच्या बाकावर एक बाई पितळेचा घासलेला तांब्या मांडीत घेऊन बसली होती, आणि माझ्या मुलाची नजर त्या तांब्यावर जाताना मी पाहिली. मी खिडकीबाहेर बघू लागलो. नांगरलेली काळी रानं, बाभळी, दूर एका बांधावर एकटा माणूस. तांब्यात त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही. पूर्वी मी त्याचं लक्ष दुसरीकडं वेधलं असतं, तांब्याच्या बाईला उठवून दुसरीकडं बसवलं असतं. आता मी बाहेरच्या बाभळी मोजत राहिलो, आणि ती खात्री माझ्याखाली सतरंजीसारखी पसरलेली होती. मानवत रोडला उतरून बैलगाडीनं गावात गेलो. रस्ताभर तो कानाची पाळी धरून बसला. मी त्याच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला होता.

व्याह्यांच्या ओसरीवर खरंच पन्नास माणसं होती. मध्ये सतरंजी, समई, शेजारी स्वामी, त्यांच्यापुढं ताटलीत विभूती आणि बाळाचं नवं लिंग, पांढऱ्या कापडात बांधलेलं. महानंदा दाराच्या आत उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि मग खाली बघितलं. तिच्या ओठांवरून मला कळलं की तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. चन्नप्पा सतरंजीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, पालथे. विहीणबाई, मनकर्णाबाई, बाळाला घेऊन आल्या. थोराड बाई, सगळ्या घराला धाक असलेली. "घ्या, बापू." हात हलले नाहीत. ओसरीवरचं बोलणं एकेक करून थांबलं. व्याही माझ्याकडं बघत होते. चन्नप्पानंही माझ्याकडं बघितलं, आणि मला तो प्रश्न शब्दांशिवाय ऐकू आला: अप्पा, बघा बरं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली नाही. होकारालाही नाही, नकारालाही नाही. मग माझा मुलगा, पन्नास माणसांपुढं, मोठ्यानं म्हणाला, "मामी, मला भ्या वाटायलंय. साल झालं. मला वाटतंय मला रोग हाय. डॉक्टर न्हाई म्हनला, तरी वाटतंय. माझ्यापासून लेकराला—"

"बापू," मनकर्णाबाई म्हणाल्या, "लेकराला अजून मान धरता येईना. आधी मानंखाली हात घाला. मग काय सांगायचं ते बसून सांगा, मी ऐकते." आणि त्यांनी बाळ सोडलंच. म्हणजे तसं त्यांनी सोडलं नसावं, पण आम्हाला सगळ्यांना तसं वाटलं, आणि चन्नप्पाचे दोन्ही हात एकदम वर आले. एक मानेखाली गेला, एक पाठीखाली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, रडायचं ठरवलं आणि विसरलं. आत महानंदानं दाराची चौकट धरली. स्वामींनी मंत्र सुरू केला.

मी त्याच्या अगदी शेजारी बसलो होतो. त्याला हात हलवता येत नव्हते. वर्षभर जो उजवा हात दर घटकेला नाकाकडं जात होता तो आता एका मऊ, ओल्या मानेखाली अडकून होता. मंत्र लांबला. आंब्याचे दिवस, माशा झालेल्या. एक माशी समईवरून उठली, बाळाच्या टोपड्यावर बसली, आणि तिथून चन्नप्पाच्या नाकावर. त्यानं नाक हलवलं. माशी हलली आणि पुन्हा तिथंच बसली. त्यानं फुंकर मारून बघितली. मग मान न वळवता, बाळावरची नजर न काढता, तो हळूच म्हणाला, "अप्पा."

"काय रे?"

"नाकावरची माशी तेवढी हाकला. माझे हात गुतलेत."

मी उपरण्याचं टोक घेतलं आणि माशी हाकलली.